बांधावरची चार अंडी

टिटवी हा पक्षी मला आवडत नाही. जिनं उभी हयात दुर्बीण गळ्यात अडकवून नदीकाठ तुडवला तिनं असं म्हणू नये, पण आवडत नाही तर नाही. वैशाख लागला की ती आमच्या केजच्या घरावरूनही ओरडत जाते आणि मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून अंगणात येऊन उभी राहते. शेजारीण विचारते, ‘‘बाई, कावून दचकता वो इतकं?’’ मी म्हणते, वय झालं. भाकरी करपते ती करपतेच, वर खोटंही बोललं जातं.

यंदा नदीकाठच्या निसर्ग उद्यानातून निरोप आला. पक्षी बघायचा दिवस ठेवलाय, शाळेची मुलं येणार आहेत, तुम्ही या आणि माहिती सांगा. असे निरोप मी आजवर कितीदा तरी परतवले. कधी गुडघे, कधी लग्न, कधी कुणाचं तेरावं; कारणांना काय तोटा! या खेपेला मात्र हो म्हणाले. निरोप आणणाऱ्या मास्तरांनी जाता जाता सांगितलं होतं की उद्यानाची झाडलोट हल्ली शेवंता करते. शेवंताला मला एक गोष्ट सांगायची होती. आज सांगू, उद्या सांगू करता करता मी निवृत्त झाले, तिला नातवंडं झाली. आता दोघींपैकी कुणीतरी एक जाईल आणि ते राहूनच जाईल, अशी भीती वाटायला लागली होती.

उद्यान कसलं, डोंबलाचं! मांजरा नदीचं एक वळण, भोवती तारेचं कुंपण, सिमेंटची चार बाकडी, हिरवा रंग दिलेला लोखंडी मनोरा आणि पक्ष्यांची चित्रं काढलेला एक फलक. फलकावरच्या खंड्याला रंगाऱ्यानं पोपटाची चोच दिली होती आणि ती बदलून घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. हे सगळं गावच्या पाणी वापर सोसायटीनं उभारलेलं. नदीचं पाणी कुणी किती दिवस उपसायचं ते शेतकऱ्यांनी आपसांत बसून ठरवायचं, म्हणून ती सोसायटी. पावसाच्या वर्षांत नदी तुडुंब असायची, भांडायला काही नसायचं, तेव्हा त्यांना ही हौस सुचली. अण्णा चेअरमन होते. मोठ्या मनाचा माणूस, आवाजही मोठा. मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि पहाटे दुर्बीण घेऊन काठाकाठानं हिंडायचे. लोक आधी हसायचे, मग सवय झाली. कुठं नवा पक्षी दिसला की कुणीतरी शाळेत येऊन सांगून जायचं. गावाला आपण हव्या आहोत असं मला तेव्हा वाटायचं, आणि ते खरंही होतं.

आणि मग ते वर्ष आलं. त्याच्या आधीच्या वर्षीही पाऊस नव्हता, पण ते कसंतरी निभलं. त्या वर्षी संक्रांतीलाच नदी तुटली. आधी धार बारीक झाली, मग जागोजाग डबकी राहिली, मग डबक्यांच्या जागी पांढरी पोपडी धरलेली माती. त्या मातीचा एक वास असतो. तो ओल्या मातीच्या वासाच्या अगदी उलट, नाकात टोचणारा, शंख-शिंपल्या कुजल्याचा. दुपारी शाळेच्या खिडक्या लावून घेतल्या तरी तो यायचा. मुलं वहीनं वारा घ्यायची आणि मी फळ्यावर जलचक्र काढायचे. ढगातून खाली येणारे बाण काढताना मला स्वतःचीच लाज वाटायची.

पाणी उरलं ते एका डोहात. उद्यानाच्या वळणावर, मनोऱ्याच्या पायथ्याशी. तो डोह कधी आटल्याचं जुन्या माणसांनाही आठवत नव्हतं. पाडव्याला सोसायटीची बैठक लिंबाखाली बसली. अण्णांनी सगळ्यांना बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. मृगाचा पाऊस पडेपर्यंत डोहाला मोटार लावायची नाही, ते पाणी जनावरांचं आणि पाखरांचं. ‘‘माजी मोसंबी वाळली तरी चालंल,’’ अण्णा म्हणाले, ‘‘पन मुक्या जिवाच्या तोंडचं पाणी आपुन घ्यायचं न्हाई.’’ त्यांची बाग चौदा वर्षांची होती. त्या क्षणी त्यांच्या बोलण्यात काही खोटं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

एक गोष्ट सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते. पक्षी बघणाऱ्याला दुष्काळासारखं सुख नाही. एरवी दहा कोसांत विखुरलेले पक्षी एका डोहावर येऊन पडतात. चमचे, शेकाट्या, पाणकावळे, राखी बगळे, रंगीत करकोचे. लाजरी पाणकोंबडी, तीसुद्धा उघड्यावर. दुर्बीण फिरवायचीही गरज नाही, बाकड्यावर बसा आणि बघा. माझी वही भरत होती आणि मी आनंदात होते. पलीकडच्या काठावर बाया घागरी घेऊन वाळूत खणलेल्या झऱ्यातलं पाणी वाटीवाटीनं उपसत बसलेल्या असायच्या, आणि मी अलीकडे करकोच्याच्या पंखांचा गुलाबी रंग बघत असायचे. माझं मला तेव्हा काही वाटलं नाही.

त्या बायांत शेवंता असायची. माझ्याच वयाची, नवरा ऊसतोडीला गेलेला, घरात सासरा आणि एक म्हैस. म्हैस गाभण होती, शेवटचा महिना. गावातली बहुतेक जनावरं लिंबागणेशच्या बाजूला उघडलेल्या चारा छावणीत गेली होती. शेवंता मात्र अडली होती. ‘‘टेंपोत धक्के बसत्यात, बाई. वाटंतच टाकला गाभ तर? हितं डोह तरी हाय. वैरण मी आणीन कुठूनबी,’’ असं ती मला रोज सांगायची आणि रोज विचारायची, ‘‘ठिवू का धाडू?’’ मी म्हणायचे, तुझं तू बघ. म्हशीतलं मला काय कळतं? म्हैस रोज दुपारी डोहात जाऊन बसायची, नाकपुड्या तेवढ्या वर. तिच्या पाठीवर बगळा उभा राहायचा. शेवंता काठावर बसून दोघांकडे बघायची, आणि तेवढा वेळ तिचा चेहरा जरा सैल व्हायचा.

टिटवीनं अंडी घातली ती नदीच्या कोरड्या पात्रात, वरच्या अंगाला. चार अंडी, खड्यांच्या रंगाची. पाय पडेपर्यंत दिसू नयेत अशी. तिथंच सोसायटी गाळ काढायला सुरुवात करणार होती. ट्रॅक्टरची वाट नेमकी त्यांच्यावरून जाणार. मला राहवलं नाही. टिटवीचं घरटं एकदम उचलून नेलं तर ती सोडून जाते, पण रोज एकदोन पावलं सरकवलं तर तिला ते कळत नाही, असं मी कुठंतरी वाचलेलं होतं. मग रोज पहाटे, ऊन चढायच्या आत, मी तिथं जायचे. दोन पावलांवर उथळ खळगा करायचा, तिचेच खडे आणून पसरायचे, त्यावर अंडी ठेवायची. ती ठेवते तशीच, निमुळती टोकं आत, खाली. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून शिव्याशाप द्यायची, एकदा तर पदरच ओढला. मी लांब जाऊन बसले की ती धावत यायची, थोडी घोटाळायची, आणि बसायची. दुपारी ती डोहात पोट भिजवून यायची आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवायची. पंधरवड्यात मी ते घरटं पात्रातून काढून थेट बांधावर आणलं. कुणाला सांगितलं नाही. लोक हसले असते, आणि पोरांनी अंडी पळवली असती. खरं तर एवढं मोठं काम आपल्याला एकटीला जमलं, याचाच मला ताठा चढला होता.

आमच्याकडे टिटवीची अंडी बघतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पात्रात अंडी घातली तर पाऊस कमी, उंचावर घातली तर पाऊस चांगला. अंड्यांची टोकं खाली असली तर धार लागते. जितकी टोकं, तितके महिने. वर्गात मी हे अंधश्रद्धेच्या धड्याला उदाहरण म्हणून सांगायचे. पण स्वतःच्या हातानं अंडी बांधावर नेताना मला ते एकदाही आठवलं नाही. शिकलेल्या माणसाला आपल्या गावाचा विसर पडतो तो असा.

मृगाला आठ-दहा दिवस राहिले असताना उद्यानात पक्षी बघायचा दिवस ठेवला गेला. अण्णांचीच कल्पना, लोकांचं मन जरा रमेल म्हणून. सुट्टी असली तरी सकाळी शाळेची मुलं आली, मागून गावही आलं. मी मनोऱ्यावरून माहिती सांगत होते, हा चमचा, ही शेकाटी. कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. सगळे पाण्याकडे बघत होते. ते कालच्यापेक्षा किती खाली गेलंय त्याकडे. तेवढ्यात बांधावरून शेवंताचा सासरा ओरडला, ‘‘आरं, हिकडं या! टिटवीनं बांधावर घातल्यात! चार हायेत चार!’’

माणसं अशी पळाली की मुलं बाजूला पडली. म्हाताऱ्यांनी रिंगण केलं. कुणी टोपी काढून हात जोडले. ‘‘टोकं खाली हायेत, बघा नीट!’’ ‘‘चारी महिनं!’’ ‘‘औंदा मिरग चुकत न्हाई!’’ एकानं मूठभर माती उचलून कपाळाला लावली. कित्येक महिन्यांत त्या चेहऱ्यांवर हसू बघितलं नव्हतं. हसताना त्यांचे ओठ फुटत होते, इतके ते वाळलेले होते. आणि टिटवी आमच्या डोक्यावर जिवाच्या आकांतानं ओरडत फिरत होती.

अण्णा माझ्याकडे वळले. ‘‘बाई, तुमी इज्ञान शिकवता. पाखरांतलं तुमच्याइतकं गावात कुनाला कळत न्हाई. तुमीच सांगा समद्याला. ही अंडी टिटवीनं हितंच घातल्यात ना? बांधावर?’’

पन्नास-साठ माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काय काय विचार केला ते मला आजही पाठ आहे. नाही म्हणाले, तर मी अंडी हलवली हे सांगावं लागेल. हे लोक मला काय म्हणतील? घातलेला शकुन बाईनं मोडला, म्हणतील. पात्रात घातली होती, म्हणजे पाऊस नाही, हे मी त्यांच्या तोंडावर सांगायचं? आणि समजा नाही सांगितलं, तर एक दिवस बिचारे हसतील, त्यात कुणाचं काय जातं? हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत झालं. मी म्हणाले, ‘‘हो.’’

एवढंच. हो.

संध्याकाळी लिंबाखाली बैठक बसली. मृग दारात आलाय, टिटवीनं सांगितलंय, मग डोहात पाणी कुणासाठी राखायचं? बागांना एक पाणी मिळालं तर झाडं तगतील, मग वरचं आहेच. बेलभंडाऱ्याचा कुणी विषय काढला नाही. मी घरी होते. सकाळी मोटारीचा आवाज आला, तेव्हा मला कळलं.

मी धावतच गेले. मोटार चालवायला केजचा रसूलभाई होता; सोसायटीची मोटार तोच दुरुस्त करायचा, तोच चालवायचा. पायऱ्यांवर बसून तो बिडी ओढत होता. ‘‘बंद करा ती,’’ मी म्हणाले. तो उठून उभा राहिला. ‘‘बाई, माझं मन कुठं लागतंय? पण मी हुकमाचा बंदा. अण्णा बोलले, टिटवीनं कौल दिलाय.’’ त्याच वेळी सांगता आलं असतं. अण्णांचं घर तिथून दोनशे पावलांवर होतं. मी त्या दिशेनं निघालेही. वाटेत शेवंता दिसली. छावणीचा टेंपो येऊन नुकताच परत गेला होता आणि ती म्हशीला पाण्यावर घेऊन चालली होती. ‘‘ठिवली बाई म्हस,’’ ती हसून म्हणाली, ‘‘आता आठ दिसाचा तर सवाल हाय.’’ मी तिच्याकडे बघून मान हलवली आणि माघारी वळले. अण्णांकडे गेलेच नाही. मूग गिळून घरी बसले.

सहा दिवसांत डोह संपला. आधी पक्षी गेले. करकोचे एकाएकी, एका सकाळी, न सांगता. मग चिखलात मासे उलटेपालटे होऊ लागले, आणि घारी आल्या, कावळे आले. टिटवी मात्र अंड्यांवर बसून होती. पोट भिजवायला पाणी नव्हतं म्हणून ती चोच उघडी टाकून, पंख अर्धे पसरून, त्यांच्यावर सावली धरून उभी राहायची. मी लांबून बघायचे आणि जवळ जायची हिंमत व्हायची नाही.

सातव्या दिवशी दुपारी शेवंताची म्हैस डोहात उतरली. रोजची सवय. तिला काय माहीत की आता तिथं पाणी नाही, नुसता गाळ आहे! पोटापर्यंत रुतली. गाव जमलं. फळ्या टाकल्या, दोर लावले. रसूलभाई छातीपर्यंत गाळात उतरून तिच्या पोटाखालून पट्टा ओढत होता आणि रडत होता. शेवटी अण्णांनी ट्रॅक्टर आणला. ट्रॅक्टरनं ओढल्यावर काहीतरी मोडल्याचा आवाज आला, आणि शेवंता किंचाळली, ‘‘सोडा! सोडा तिला!’’ मग ती स्वतः गाळात गेली आणि म्हशीचं तोंड मांडीवर घेऊन बसली. घागरीतलं पाणी ओंजळीनं तिच्या जिभेवर सोडत होती. दिवस कलता कलता म्हैस गेली. पोटातलं वासरू त्यानंतरही थोडा वेळ हलत होतं. ते शेवंताला हाताला लागत होतं. तिनं ते कुणाला तरी सांगितलं, आणि मी ते ऐकलं.

मृग कोरडा गेला. आर्द्राही. पाऊस आला तो पोळ्याच्या तोंडावर, तोवर अण्णांची मोसंबी सरपणाला निघाली होती. माझी चार अंडी मात्र फुटली. एका सकाळी खळग्यात टरफलं होती आणि कापसाच्या बोंडाएवढी पिल्लं आईमागं तुरुतुरु पळत होती. जे वाचवायला निघाले होते, ते मी वाचवलं. त्या वर्षाअखेरीस बदलीचा अर्ज केला आणि केजला आले.

परवा उद्यानात गेले तेव्हा शेवंता लिंबाखालचा पाचोळा लोटत होती. पाठीत वाकली आहे. मला बघून तिनं खराटा ठेवला, पदरानं बाकडं पुसून दिलं. ‘‘किती दिसांनी आल्या, बाई. लेकरं बरी हायेत का?’’ शाळेची मुलं अजून यायची होती. मी म्हटलं, शेवंता, बस जरा, तुला एक सांगायचंय. ती बसली नाही, खाली उकिडवी झाली. मी सगळं सांगितलं. पात्रातली अंडी, रोजची दोन पावलं, बांध, अण्णांचा प्रश्न. ‘‘टिटवीनं तिथं घातली नव्हती. मी ठेवली होती. मी त्या दिवशी खोटं बोलले.’’ इतक्या वर्षांत मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, आरशातल्या स्वतःलाही नाही.

ती काडीनं मातीत रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, ‘‘मोटार त्यांनी लावलीच असती, बाई. अण्णाच्या बागंची पानं गळायली व्हती. टिटवी न्हाई घावली तर दुसरं काय तरी घावलं असतं.’’

खोटं कशाला बोलू, मला एकदम हलकं वाटलं. इतकी वर्षं उगाच जिवाला लावून घेतलं, असंही मनात येऊन गेलं. मी तिचा हात धरायला हात पुढं केला.

तिनं हात दिला नाही. ‘‘पन म्या टिटवीचं कवा ऐकलं वो?’’ ती म्हणाली. ‘‘माज्या सासऱ्यानं जल्मभर टिटव्या बघितल्या, एकदाबी खरं झालं न्हाई. म्या त्या दिशी तुमच्या तोंडाकडं बघत व्हते. म्हणलं, बाई शिकल्याल्या हायेत, बाई काय खोटं बोलायच्या न्हाईत. तुमी हो म्हणल्या, म्हून टेंपो माघारी लावला म्या.’’

रागानं नाही बोलली. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. उठली, पाचोळा टोपलीत भरला, टोपली डोक्यावर घेतली आणि कुंपणाकडे निघून गेली. मी बाकड्यावर तशीच बसून राहिले. फाटकातून मुलं आत येत होती, पांढऱ्या सदऱ्यांची रांगच रांग. मास्तरांनी त्यांना माझ्यासमोर ओळीनं बसवलं आणि बजावलं, बाई जे जे सांगतील ते नीट लिहून घ्या. मुलांनी वह्या उघडल्या, पेन्सिली धरल्या, आणि सगळ्यांनी माना वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं.